अकरा सह्या

१२ फेब्रुवारी ९५, रविवार

परत तेच. दादाच्या पत्रात परत तेच. "तुझे पाय काय कुणी दाव्याला बांधलेत का?" किती वेळा लिहायचं मी? जहाजावरनं उतरलो तो परत चढलोच नाही. पासपोर्ट जहाजाच्या कंपनीच्या कपाटात. हितला एक कागद माझ्याकडं नाही. गावी, कळसला यायला कोण अडवतंय? उलट हितलं सरकारच हात धरून विमानात बसवून देईल. पण मग परत हितं पाय ठेवता येणार नाही, हे दादाच्या डोक्यात शिरत नाही. त्याला वाटतं मायामी म्हणजे अंथुर्ण्याच्या पुढं दोन थांबे. त्याचं काय, अंथुर्ण्याच्या शाळेत शिपाई, घंटा वाजवली की पगार. दर महिन्याला माझे दीडशे डॉलर घेतो आणि वर लिहितो, पैसे नको, तोंड दाखव.

खाली एक ओळ आईच्या नावानं. ती आईची नाही, दादाचीच. आई असं बोलत नाही. आई म्हणाली असती तर

जाऊ दे. उद्या सहाला दुकान.

१५ फेब्रु., बुधवार

ऊस आला, पाच मोळ्या. सोलून बोटं चिकट. हितला ऊस जाड, रस भरपूर, पण आपल्या सातशेचाळीस जातीच्या उसाची गोडी नाही. हे मालकाला सांगितलं की चिडतो. म्हणतो, ऊस बघायचा तर माझ्या गावचा बघ.

मालक क्युबाचा. नाव एव्हारिस्तो. मला ते जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात 'आबा' म्हणालो. विचारलं, म्हणजे काय? म्हणालो, आमच्याकडं मोठ्या माणसाला म्हणतात. खूश झाले. आता गिऱ्हाइकंपण आबा म्हणतात. मला सगळे मिलो म्हणतात, मिलिंद कुणाला येत नाही.

कामावर घेतलं ते चरकामुळं. मी बारामती रोडच्या रसवंतीत दोन वर्षं काढलेली. चिपाड दुमडून दुसऱ्यांदा चरकात घातलं, न बघता. आबांनी विचारलं, "बोटं किती?" मी दोन्ही हात दाखवले. "दहाच्या दहा? मग उद्यापास्नं ये."

(ते बोलतात स्पॅनिश. मी लिहितो आपल्यात. दीड वर्षात बरंच कळायला लागलं.)

आबांचं गाव साखर कारखान्याच्या भिंतीला लागून. सोडून चौतीस वर्षं झाली. मी म्हणालो, आमच्याकडचं कारखान्याचं माळेगावबी तसंच, मळीचा वास नाकात गेला की कळतं आलो. आबा काम थांबवून बघायला लागले. "मळीचा वास! आरं, हितं कुणाला सांगितला तर नाकं मुरडतात."

बहीण तितंच राहिली. कारिदाद. एकाहत्तर वर्षांची, किडन्या गेल्यात. आबांना एकदा भेटून यायचंय. बास, एवढंच. पण गेल्या ऑगस्टपास्नं कायदा केला, घरचं माणूस अगदी शेवटाला लागलं असलं तरच जाता येतं, तेपण वॉशिंग्टनला अर्ज करून, साहेबाची परवानगी आली तर. पैसे पाठवायलापण बंदी. अर्ज दोनदा परत आला. एकदा डॉक्टरचं पत्र स्पॅनिशमध्ये होतं म्हणून. दुसऱ्यांदा, पत्रात 'गंभीर' लिहिलंय, 'शेवटचं' लिहिलं नाही म्हणून.

आबा म्हणाले, "डॉक्टरला काय सांगू? मरणार असं लिही बाबा? तिची पत्रं ती सोता वाचती."

१९ फेब्रु., रविवार

दुकान बंद ठेवून आत बैठक. नऊजणं. सगळे क्युबाचेच, हितं नागरिक झालेले. म्हातारे जास्त. पुढारीण मार्ताबाई, शाळेत गणित शिकवायच्या, अजून तसंच बोलतात, समोरच्यानं वहीच काढावी. म्हणाल्या, आपण क्युबातल्या सरकारचे मित्र नाही. आपल्याला आपली माणसं भेटायची आहेत, औषधं न्यायची आहेत, जो माल विकता येईल तो विकायचाय. खासदाराला जाऊन सांगायचं. मोकळ्या हातानं नाही, सह्या घेऊन.

मी कॉफी दिली. मार्ताबाई म्हणाल्या, तूपण सही कर की. आबा म्हणाले, त्याची चालत नाही. मी हसलो. हितं माझी कुठंच चालत नाही.

कागद आता काउंटरवर, पेनाला दोरी बांधून.

२१ फेब्रु., मंगळवार

पहिल्या दिवशी सात सह्या. दुसऱ्या दिवशी एक. आज शून्य.

एक म्हातारा आला, नेहमीचा, बुधवारी डोमिनोच्या सोंगट्या खेळायला येणारा. कागद वाचला. आबांना म्हणाला, "माझा भाऊ तितल्या तुरुंगात मेला. तू त्यांच्या विमानाचं तिकीट काढणार?" आबांनी रसाचा पेला पुढं सरकवला. म्हातारा तसाच गेला, काठी टेकत. पेला तसाच. बर्फ वितळेपर्यंत आबांनी उचलला नाही.

मला वाटलं होतं विरोधी लोक म्हणजे गुंड असतील.

२४ फेब्रु., शुक्र.

गुंडपण आहेत. दाराखालनं चिठ्ठी. 'कम्युनिस्टाचा रस.' क्युबावाल्यांच्या स्टेशनवरचा रेडिओवाला रोज सकाळी ओरडतो, अमक्या रस्त्यावरचा एक दुकानदार म्हणे देश विकायला बसलाय. दुकानदाराचं नाव नाही घेत, पण ऊस हितं तीनच जण गाळतात.

गल्ला निम्म्यावर. आबा म्हणतात, "बरं झालं. तुझी बोटं वाचतील."

मार्ताबाईंचा निरोप: पंधरवड्यात निघायचं, सह्या फार कमी. आबा कागद घेऊन बसले होते. एकदा वरनं मोजल्या, एकदा खालनं. काय फरक पडणार?

३ मार्च, शुक्रवार

आज मी कामाला लागलो. आबा दिवसभर वकिलाकडं, तिसऱ्या अर्जाच्या मागं. दुकानात मी एकटा.

आधी कागद काउंटरवर पडून असायचा. कोण कशाला उचलतंय? आपल्याकडं निवेदन असं गोळा करतात होय? वस्तीवर हापसा पाहिजे होता तेव्हा दादा वही काखेत मारून फिरला होता. विहिरीवर, पारावर, न्हाव्याकडं. कुणी म्हणायचं, "लिही रं माझंबी," आणि बैल हाकत पुढं. दादा नाव लिहायचा, सहीपण ठोकायचा. घरात चार माणसं तर चार नावं. इंदापूरला कचेरीत कुणी विचारलं नाही. महिन्याभरात हापसा. आणि ज्यांची नावं राहिली ते दादाशी वर्षभर बोलत नव्हते. लग्नाच्या पत्रिकेत नाव राहिल्यावर बोलत नाहीत, तसंच.

तर मी प्रत्येकाला विचारलं. रस देताना, पैसे घेताना. बहीण आहे का तितं? आई? कधी बघितलीस? माणसं बोलायला लागली. पाव आणणारा रामिरो दोन्ही हातांत क्रेट घेऊन उभा. बेकरीची गाडी चालवतो. त्याची आई तितं. म्हणाला, "घाल माझं, मिलो. घाल." हात मोकळे नव्हते. गाडी चालू होती. घातलं. अशी आणखी दहा.

आजच्या नव्या पंचवीस झाल्या. चौदा ज्याच्या त्यानं केल्या, अकरा मी. वेगवेगळ्या पेनानं केल्या, म्हणजे बरं दिसतं.

आबा आले. कागद बघितला. मला बघितलं. "मिलो, तू तर पुढारी निघालास की रं." पाठीवर थाप मारली, जोरात.

लय दिवसांनी बरं वाटतंय.

९ मार्च, गुरुवार

गेले. दोन गाड्या, अकरा माणसं, वॉशिंग्टन. आबांनी पांढरा शर्ट घातला, चार खिशांचा. त्यांना पोहोचायला दीड दिवस. मला किल्ली दिली. म्हणाले, बर्फवाल्याला उधारी ठेवू नको आणि रेडिओ लावू नको.

रेडिओ लावला.

१४ मार्च, मंगळ.

आबा आले. पाय सुजलेत, पण चेहरा! खासदारांनी दहा मिनिटं दिली. म्हणे मधेच उठून गेले. पण त्यांचा एक माणूस थांबला, तरणा, टाय लावलेला. त्यानं सह्यांचे कागद एकेक उलटून बघितले. मग आबांना विचारलं, तुमचं स्वतःचं कोण आहे तितं? आबांनी बहिणीचं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. अर्जाला खासदारांचं पत्र जोडू म्हणाला. पत्र जोडलं की परवानगी मिळते, असं मार्ताबाई म्हणतात.

आबांनी कपाटावरची बॅग काढून पुसली. मला म्हणाले, "कारिदादला काय नेऊ? साबण नेऊ का? तितं साबण न्हाय मिळत."

मी म्हणालो बहिणीला साबण काय नेताय, साडी न्या. साडी म्हणजे काय ते सांगता सांगता दुपार गेली.

२२ मार्च, बुधवार

वाईट.

मार्ताबाईंनी नावांची यादी पेपरवाल्याला दिली होती, आपल्या मागं किती लोक आहेत ते दिसावं म्हणून. पेपरात आली. रेडिओवाल्यानं आज सकाळी ती वाचली. एकेक नाव, सावकाश, पुढं कुठं काम करतो तेपण. रामिरोचं नाव आलं. बेकरीचं नाव आलं. बेकरीचा मालक पक्का विरोधी.

अकराला रामिरो आला. चालत. गाडी नव्हती.

"मी सही कधी केली?" आबांना म्हणाला. आवाज मोठा नव्हता, तेच जास्त वाईट. "सकाळी किल्ली काढून घेतली माझ्याकडनं. आठ वर्षं. मी सही कधी केली, सांगा."

आबा म्हणाले, "तुझं नाव हाय कागदावर, रामिरो. मी का लिहीन?"

"मग तुमी बघा. माझी सही तुमी रोज पावतीवर बघता."

आबांनी आतनं सह्यांची झेरॉक्स आणली. पावतीजवळ धरली. चष्मा वर केला, खाली केला.

मी चरकात ऊस घालत होतो. गिऱ्हाईक नव्हतं. तरी घालत होतो. रस सांडायला लागला तेव्हा आबा म्हणाले, "मिलो, बंद कर ते."

बंद केला. चिपाडं गोळा करून मागं टाकायला गेलो.

२४ मार्च, शुक्रवार

रेडिओवाल्यानं रामिरोला फोनवर घेतलं. त्यानं खरं तेच सांगितलं, मी सही केली नाही. आता रेडिओ दिवसभर 'खोट्या सह्यांचा म्हातारा'.

खासदारांच्या कचेरीतनं मार्ताबाईंना फोन. सह्या कुणी केल्या हे पुढच्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारपर्यंत, म्हणजे ६ एप्रिलपर्यंत, नोटरीसमोर लिहून द्या. नाहीतर निवेदन केराच्या टोपलीत आणि आबांचं पत्रपण नाही.

मार्ताबाईंनी दुकानात येऊन विचारलं. आबांकडं बघून विचारलं, माझ्याकडं नाही. "एव्हारिस्तो, तुम्ही घाईत होता का?" आबांना समजायला वेळ लागला. मग कान लाल झाले. "मी?"

मी फडकं धूत होतो. एकच फडकं. तीनदा धुतलं.

कुणी माझ्याकडं बघतच नाही. मी त्यांच्यातला नाही ना.

२७ मार्च, सोम.

सांगितलं.

सकाळी ऊस सोलताना. दोघंच. कोयत्याकडं बघत सांगितलं, अकरा माझ्या आहेत.

आबांनी सोलायचं कांडं संपवलं. मग, "का?"

म्हणालो, ते हो म्हणाले होते. आमच्याकडं असंच करतात. हापशाचं सांगितलं. पत्रिकेचं सांगितलं.

"तुमच्याकडं नाव लिहिलं म्हणून माणसाला कामावरनं काढत न्हाईत?"

"न्हाय लिहिलं म्हणून रुसतात."

आबा हसले. खरंच हसले, मग खोकला आला, मग डोळे पुसले. म्हणाले, "पोरा, माझ्या देशात मी एकदा कागदावर नाव लिहिलं होतं. त्यापायी निघालो तो चौतीस वर्षं झाली, अजून चालतोय." कसला कागद, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मग म्हणाले, "हे कुणाला बोलू नको. नोटरी नाव विचारंल, पत्ता विचारंल, ओळखीचा कागद मागंल. तुझ्याकडं काय हाय? तुला धरून नेतील. मी सांगतो, मी केल्या."

"मग तुमचं पत्र?"

"ऊस सोल."

२८ मार्च, मंगळ.

जॉर्जियात पटेलांच्या मॉटेलात माणूस पाहिजे, असं भाई म्हणाला होता. भाई म्हणजे कोपऱ्यावरचा गुजराती. फोनकार्ड, मसाले, आणि माझ्या पैशाचे ड्राफ्टपण तोच काढतो. आज परत विचारलं. जागा आहे. बस रोज जाते.

पिशवी भरली. दोन पँटी, चादर, ही वही.

शाळेतनं पळालो, सातवीत. बारामतीच्या कारखान्यातनं पळालो. जहाजावरनं पळालो. तिन्ही वेळा मागं कुणाचं काही अडलं नव्हतं. नुसतं माझंच.

पिशवी खाटेखाली. कामावर गेलो.

३० मार्च, गुरु.

सकाळी बघतो तर दुकानाची काच फुटलेली. आत दगड, चरकाजवळ. आबांनी दगड उचलून वजन केल्यासारखा हातात धरला. मग पुठ्ठा शोधायला गेले.

मी रामिरोच्या घरी गेलो. पत्ता पावतीवरनं. बायकोनं दार उघडलं, आत लहान पोरगी टीव्ही बघत होती. रामिरो बनियनवर. सांगितलं, मी केली तुझी सही.

एक ठेवून दिली. कानाखाली. पोरगी वळून बघायला लागली तसा त्यानं हात खाली घेतला.

"मी घाल म्हणालो, ते खरं हाय," म्हणाला. "क्रेट होते हातात. पण मिलो, तोंडानं म्हणणं येगळं. तोंडानं मी रोज कायबी म्हणतो. कागदावर लिहायला मला अजून भीती वाटती. म्हणून तर नव्हती केली आधी. रोज बघायचो ना मी तो कागद, पेन बांधलेला."

मी म्हणालो, आबा सगळं अंगावर घेणार आहेत.

"त्यांची बहीण?"

"भेट राहील."

बायको म्हणाली, याला पाणी दे. रामिरोनंच आणून दिलं. कान अजून वाजतोय.

२ एप्रिल, रविवार

क्युबातनं फोन. शेजाऱ्याच्या घरनं, लाइन दोनदा तुटली. कारिदाद जेवत नाही. पाणी चमच्यानं. आबा फोनमध्ये मोठ्यानं ओरडत होते, येतोय, येतोय म्हणून. खाली ठेवल्यावर म्हणाले, "खोटं बोललो. आता सवय करायला पाहिजे, गुरुवारी बोलायचंय."

मार्ताबाई होत्या. त्यांना अजून वाटतं आबांनीच केल्या. म्हणाल्या, "तुम्ही तसं लिहून दिलंत की पत्र संपलं. खोट्या सह्या करणाऱ्याची शिफारस कोण करणार? आणि परत अर्ज केलात तरी नाव तेच राहणार." आबा म्हणाले, "मला गणित येतं, बाई."

मी माझ्या खोलीवर आलो. भिंत बघत बसलो.

दादाला फोन केला, चार डॉलरचा. कळसच्या एसटीडीवाल्यानं बोलवून आणलं, तेवढ्यात दोन डॉलर गेले. म्हणालो, दादा, ते हापशाचं निवेदन होतं ना, त्यात कुणी नंतर म्हणालं का, मी सही केली नव्हती?

"तात्या म्हणाला होता. त्याला भावकीत कुणीतरी पेटवलं हुतं."

"मग?"

"मग काय, मी गेलो कचेरीत. रावसाहेबांस्नी सांगितलं, सही माझी हाय, तात्याची न्हाय. तात्याचं नाव खोडलं, हापसा राहिला. का रं?"

"काय केलं त्यांनी तुला?"

"काय करत्यात? मी कुठं पळून चाललो हुतो? गावातच हाय मी. का रं पण? काय केलंस?"

लाइन तोडली. म्हणजे पैसे संपले.

दादानं हे कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

५ एप्रिल, बुधवार

दुपारी मार्ताबाईंच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. सगळीकडं पुस्तकं, एक मांजर. सगळं सांगितलं, पहिल्यापासनं. त्या उभ्याच होत्या, खुर्चीत बसल्या. पहिला शब्द काय बोलल्या तर, "मी त्या माणसाला खोटारडा म्हणाले."

मग परत शाळेच्या आवाजात. कागद? नाही. जहाजाचं ओळखपत्र? आहे, मुदत संपलेलं. म्हणाल्या, नोटरीला तेवढं चालेल, मी ओळखते असं मी लिहून देईन. "पण हा कागद खासदाराच्या कचेरीत जाणार. तितनं कुठं कुठं फिरेल, मी सांगू शकत नाही. रेडिओवाल्यांच्या हातात गेला तर ते तुझं नाव वाचतील, पत्ता वाचतील. मग एक फोन पुरे. कळतंय का तुला?"

म्हणालो, कळतंय.

"आणि पत्र मिळेलच असंही नाही."

तेपण कळतंय.

"मग का?"

स्पॅनिश तेवढी येत नाही म्हणालो. मराठीतपण सांगता येत नाही, पण ते त्यांना काय माहीत.

म्हणाल्या, रामिरोला विचारते, तो खरं बोलेल का, की तोंडानं हो म्हणालो होतो. मी म्हणालो त्याला कागदाची भीती वाटते. म्हणाल्या, विचारते तर.

संध्याकाळी दुकान. आबा उद्याचा शर्ट इस्त्री करत होते. तोच, चार खिशांचा. मला म्हणाले, उद्या मी उशिरा येईन, बर्फ तू घे. मी बरं म्हणालो.

६ एप्रिल, गुरुवार

भाईच्या दुकानात, काउंटरवरच लिहितोय. नोटरी अकराला. आबांना बाराची वेळ दिली होती, मार्ताबाईंनी मला आधी घातलं. ते येतील तेव्हा माझं झालेलं असेल. बर्फ सकाळीच घेऊन ठेवला, दोन लाद्या.

रामिरो येणार की नाही, अजून कळलं नाही. बायको म्हणाली, तो बाहेर गेलाय, सांगून गेला नाही.

खोलीचं भाडं देऊन टाकलं. वही कुठं ठेवू, कळत नाही. बरोबर नेऊ नये बहुतेक.

भाईनं विचारलं, "हमेशा का डेढ सौ?" मी खिशातलं सगळं काढून ठेवलं, गादीखालचं पण. त्यानं मोजलं, माझ्याकडं बघितलं, परत मोजलं. म्हणाला, "घर में शादी है क्या?" मी नाही म्हणालो. तीस डॉलर परत घेतले, बससाठी, आणि एक दिवस जेवायला. कुठं जेवायचं ते

ड्राफ्ट दादाच्या नावानं, मुक्काम कळस, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे.

एक हजार दोनशे सत्तर डॉलर.